बोरीचा मिस्त्री आणि कुलूपबंद इंजिन

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की वाटेत अडाण नदीकाठी बोरी अरब लागतं. आसपासच्या खेड्यांतले लोक नुसतं बोरी म्हणतात. कापूस आणि सोयाबीनच्या शिवारातलं हे बाजाराचं गाव. आपल्याकडे अशा गावात पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, बॅटरीवाला असे रस्त्याला लागून एका ओळीत बसतात आणि त्यांच्यातच गॅरेजवाला मिस्त्री असतो. टिनाचं छप्पर, तेलानं काळी झालेली जमीन, भिंतीला टांगलेले फॅनबेल्ट, एका पेटीत पाने, दुसरीत कटवेस्ट. ही जागा चालू आहे म्हणून पन्नास गावांच्या गाड्या चालतात. तिच्याबद्दल लिहायचं ते आजच, कारण तिच्यापासून तिचं काम हळूहळू काढून घेतलं जातंय.

हा मिस्त्री घडला जीपगाडीवर. १९४५ साली महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत कंपनी काढली. १९४७ पासून विलीज जीप इथे जोडली जाऊ लागली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. पुढे इगतपुरीच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनू लागली, आणि नव्वदीत २५२३ सीसीचं डीआय इंजिन घेऊन कमांडर आली. तीच आमची काळी-पिवळी. जोडीला ट्रॅक्स. जिथे एस.टी. दिवसातून दोनदा यायची तिथे वऱ्हाड, बाळंतीण, खताची पोती आणि कॉलेजची पोरं याच गाड्यांनी नेली. या मुलखाला यंत्र टिकवायची सवय तशी जुनीच. यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद रुळावर दारव्ह्यावरून धावणाऱ्या शकुंतला या आगगाडीला १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. सत्तर वर्षं कुणीतरी ते हातानं दुरुस्त करत राहिलं म्हणूनच.

जीपच्या इंजिनात लपवण्यासारखं काही नव्हतं. बॉनेट उघडलं की सगळं समोर. डिझेल संपून गाडी बंद पडली आणि मग टाकी भरली तरी ती चालू होत नाही, कारण नळीत हवा शिरलेली असते. ‘गाडीनं एअर घेतली,’ एवढं म्हणून मिस्त्री फिल्टरवरचा स्क्रू सैल करतो आणि हातपंप दाबत राहतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग निखळ डिझेलची धार. स्क्रू आवळला, सेल्फ मारला की गाडी सुरू. धूर वाचणं हे त्याचं दुसरं शास्त्र. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा नोजल डिझेल जास्त सोडतोय. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा बघाव्या लागतील. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅसकेट गेलं आणि पाणी आत उतरतंय. लांब पेचकसाचं टोक इंजिनच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून तो बेअरिंगचा आवाज टॅपेटच्या आवाजातून वेगळा काढतो. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, अगदी तसं.

पण चांगला मिस्त्री हात लावायच्या आधी विचारतो. ‘भाऊ, गाडी काहून बंद पडली थे सांगा आधी. चढावर का सपाटीवर? सकाळच्या पारी का तापल्यावर? झटका देऊन, का हळूहळू?’ या चार प्रश्नांत निम्मी दुरुस्ती झालेली असते. मोठमोठ्या काचेच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हे विचारणारं माणूस मला क्वचित भेटलंय. तिथे समोरचा माणूस कॉम्प्युटरवर टाइप करतो आणि गाडी आत जाते.

हे ज्ञान येतं कुठून? आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, आणि तो करून आलेली मुलं हुशार असतात. तरीही बहुतेक मिस्त्री उस्तादाच्या हाताखाली तयार झालेत. आधी पोऱ्या म्हणून चहा आणायचा, डिझेलनं सुटे भाग धुवायचे. मग ‘बारा-तेराचा पाना दे’ म्हटल्यावर न बघता पाना हातात ठेवायचा. मग कधीतरी क्लचप्लेट, आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

या मिस्त्रीचे दोषही सांगायला हवेत, कारण त्यांनी गिऱ्हाईक खरोखर पोळलंय. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि गाड्या तापतात, तेव्हा थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायची जुनी रीत आहे. जुन्या जीपला ते चालून गेलं. नव्या इंजिनला हवं ते तापमानच मिळत नाही, ते जास्त डिझेल खातं, आणि मूळचा चोंदलेला रेडिएटर तसाच राहतो. रेडिएटरचा पंखा थेट बॅटरीला जोडणं, फ्यूजच्या जागी तार घालणं ही तर आगीला दिलेली आमंत्रणं. पार्ट लोकल टाकायचा आणि पैसे कंपनीच्या पार्टचे घ्यायचे, बिल द्यायचं नाही, हेही चालतं.

तरीही खरं दुखणं दुसरीकडे आहे. बीएस-६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, गाड्यांचा धूर कमी झाला, आणि ते व्हायलाच हवं होतं. मात्र इंजिनचा सगळा कारभार आता संगणकाकडे गेला. एक उदाहरण देतो. क्रँक सेन्सर हा अंगठ्याएवढा भाग फ्लायव्हीलपाशी बसतो आणि इंजिन कुठल्या क्षणी कुठे आहे ते संगणकाला सांगतो. त्याच्या आतली बारीक तार कमजोर झाली की गरम झाल्यावर ती संपर्क सोडते. गाडी ऐन रस्त्यात गप्प होते. अर्ध्या तासानं सेन्सर थंड होतो आणि गाडी काहीच न झाल्यासारखी सुरू होते. गॅरेजला नेली की ती गुणी बाळासारखी उभी! मालक सांगतो ते मिस्त्रीला पटत नाही. पहिल्या खेपेला डिझेल फिल्टर बदलतो, दुसऱ्या खेपेला रिले, तिसऱ्या खेपेला पंप कॅलिब्रेशनला जातो. प्रत्येक खेपेला बिल, आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा रस्त्यात. शेवटी टोचन करून यवतमाळला न्यायची, म्हणजे भाडं वेगळं, मजुरी बुडाली ती वेगळी. बिघाड स्वस्तातला असतो, शोध महाग पडतो. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांची वायरिंग उंदीर कुरतडतात, तेव्हाही नेमकं हेच होतं.

बाजारात मिळणारा साधा स्कॅनर मिस्त्री घेऊ शकतो, अनेकांनी घेतलाही आहे. तो सर्वसाधारण चुका दाखवतो. त्यापुढे दार बंद. नव्या डिझेल गाडीत इंजेक्टर बदलला की बऱ्याच मॉडेलमध्ये त्याच्यावरचा अंक संगणकात भरावा लागतो, आणि ते सॉफ्टवेअर कंपनीकडेच असतं. हातानं इंजेक्टर बसवता येणाऱ्या माणसाला तो चालू करण्याची परवानगी नाही. याला तंत्राची प्रगती म्हणायला मी तयार नाही, ही धंद्याची कोंडी आहे.

देशात हे आधीच सिद्ध झालंय. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड लावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना न देणं हा बाजार अडवण्याचा प्रकार आहे, असं आयोगानं ठरवलं. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही त्याच आदेशात आहे. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. पण बोरीच्या मिस्त्रीला हवं आहे ते मॉडेलनिहाय वायरिंगचं चित्र, मराठीत, आणि परवडेल अशा दरात सॉफ्टवेअर. ते द्यायला कंपन्यांना भाग पाडलं पाहिजे, आणि तालुक्याच्या आयटीआयनं संध्याकाळचे वर्ग काढून जुन्या मिस्त्रींना सेन्सर आणि मल्टिमीटर शिकवले पाहिजेत. ज्याचा कान तयार आहे त्याला मीटर वाचायला फार दिवस लागत नाहीत.

तोवर आपण गिऱ्हाइकांनी एवढं करावं. गाडी कधी, कुठे, किती तापल्यावर बंद पडली ते कागदावर लिहून मिस्त्रीच्या हातात द्यावं. काम सुरू होण्याआधी अंदाजे खर्च लिहून घ्यावा, काढलेला जुना भाग परत मागावा, आणि मिस्त्री ओळखीचा असला तरी बिल घ्यावं. गॅरेज छोटं असो की कंपनीचं, पैसे घेऊन काम नीट केलं नाही तर ती सेवेतली त्रुटी ठरते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे बोरीकरांना यवतमाळच्या आयोगात, करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही.