तीन अपयशांचे मोल!

मनुष्याचे हृदय वर्षाकाठी सुमारे पावणेचार कोटी वेळा धडधडते आणि प्रत्येक ठोक्यासरशी त्याच्या झडपा उघडतात नि मिटतात. या झडपा निकामी होण्याचे संकट आपल्या देशात बहुधा गरिबाच्याच वाट्याला येते. लहानपणी घसा धरतो. दाटीवाटीच्या खोलीत त्याची दखल कोण घेतो? पुढे संधिवाताचा ताप येतो. सांध्यांचे दुखणे ओसरते, पण झडपेला झालेली इजा जन्माची सोबत करते.

अशा रोग्याला कृत्रिम झडप वाचवू शकते. परंतु परदेशी झडप त्याला परवडावी कशी? म्हणूनच तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी झडप घडविण्याचे काम हाती घेतले. पहिला नमुना फसला. दुसरा फसला. तिसऱ्यातील कृत्रिम नीलमण्याची तबकडी प्राण्यावरील प्रयोगात भंगली! कोणत्याही हिशेबनीसाने येथे वही मिटली असती. संस्थेने ती मिटली नाही. कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट, चिवट पॉलिएथिलीनची तबकडी आणि पॉलिएस्टर कापडाचे कडे असा मेळ चौथ्या नमुन्यात जमला. डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम माणसाच्या हृदयात बसली. आजवर एक लाखाहून अधिक रोग्यांना तिचा लाभ झाला आहे. अशा रोग्याला रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते, हे खरे; पण त्याला जन्म उरतो, हे त्याहून खरे!

ही जुनी कथा आम्ही आज सांगतो, त्याला कारण आहे. पदार्थविज्ञान आता अब्जांश मीटरच्या सृष्टीत शिरले आहे. कर्करोगावरील औषध स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म वेष्टनातून देण्यास अमेरिकेत १९९५ सालीच मान्यता मिळाली. कोरोनाच्या घरगुती चाचणीपट्टीवर उमटणारी तांबडी रेघ पुष्कळदा सोन्याच्या अशाच सूक्ष्म कणांची असते. या नव्या औषधांच्या परीक्षणासाठी भारत सरकारने २०१९ साली मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. ते योग्यच झाले. कारण जो कण रोगापर्यंत पोहोचतो, तो यकृतात नि प्लीहेतही साचू शकतो. घाईने केलेला चमत्कार रोग्याच्याच जिवावर बेतावयाचा!

परंतु नियम करणे निराळे आणि धीर धरणे निराळे. २०२०-२१ साली आपण संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघे ०.६४ टक्के खर्च केले. त्या तुटपुंज्या शिधोरीतून निघालेल्या शास्त्रज्ञाकडे आपण दोन-तीन वर्षांत फळ मागतो आणि पहिल्याच अपयशाला त्याचा हात आखडतो. हा व्यवहार नव्हे, ही अदूरदृष्टी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रामाणिक अपयशाचा खर्च सरकारने सोसला पाहिजे, उद्योगपतींनी त्यात आपला वाटा उचलला पाहिजे, आणि सार्वजनिक पैशातून सिद्ध झालेली वस्तू सार्वजनिक रुग्णालयातील शेवटच्या खाटेपर्यंत परवडणाऱ्या किंमतीत पोहोचली पाहिजे.

तिसऱ्या अपयशाशी आपला धीर सुटला असता, तर आज धडधडणारी किती हृदये केव्हाच थांबली असती! अर्थमंत्र्यांनी अंदाजपत्रक मांडताना एवढा एकच ठोका ऐकावा.