हिरवळ, खारवट व पाणथळ जमिनीतील

विद्राव्य लवणे साचलेल्या व निचरा नसलेल्या जमिनीवर उद्याने, क्रीडांगणे इत्यादींसाठी तयार केलेले गवताचे आच्छादन. अशा जमिनी समुद्रकाठच्या भरावक्षेत्रात, तसेच अतिसिंचनाने बिघडलेल्या प्रदेशात आढळतात. महाराष्ट्रात नीरा कालव्याखालील काळ्या जमिनी हे त्यांचे परिचित उदाहरण होय.

भूजलपातळी पृष्ठभागाजवळ आली म्हणजे पाणी केशाकर्षणाने वर चढते, त्याचे बाष्पीभवन होते व लवणे मागे राहतात. संपृक्त मृदेच्या अर्काची विद्युत् संवाहकता दर मीटरला ४ डेसिसीमेनपेक्षा अधिक असल्यास जमीन लवणयुक्त समजतात. विनिमयक्षम सोडियमाचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असल्यास ती चोपण बनते. मातीचे कण विखुरतात व छिद्रे बुजतात. लवणे व पाणथळपणा हे दोष एकत्र आल्यास हानी विशेष होते. कारण प्राणवायूच्या अभावी, सोडियम बाहेर ठेवण्यास लागणारी ऊर्जा मुळांना मिळत नाही.

म्हणून गवताच्या निवडीपूर्वी निचऱ्याची सोय करावी लागते. निचरा नसताना लवणे धुण्यासाठी पाणी दिल्यास भूजलपातळी आणखी वर येते व दोष वाढतो. प्रथम योग्य उतार देऊन चर काढतात किंवा सच्छिद्र नळ पुरतात. चोपण जमिनीत माती परीक्षणानुसार जिप्सम मिसळतात. त्यातील कॅल्शियम सोडियमाची जागा घेते. नंतर भरपूर गोडे पाणी देऊन लवणे धुऊन काढतात. ३० सेंमी. जाडीच्या थरातून तितक्याच उंचीचे पाणी झिरपले, तर त्यातील सु. ८० टक्के विद्राव्य लवणे निघून जातात. पावसाळ्यात हे काम स्वस्तात साधते. केवळ लवणयुक्त जमिनीस जिप्समची गरज नसते.

हरळी (लॅ. सायनोडॉन डॅक्टिलॉन) लवणे बऱ्यापैकी सहन करते, मात्र तिला निचरा लागतो. समुद्रकाठच्या दलदलीत वाढणारे पॅस्पॅलम व्हॅजिनॅटम हे गवत दोन्ही दोषांस अधिक सोसते. त्याचे हिरवळीस योग्य असे प्रकार अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाने विकसित केले आहेत. थंड प्रदेशांत पुसिनेलिया डिस्टन्स वापरतात.

रोपावस्थेत गवत लवणांस अधिक संवेदनशील असल्याने बियांपेक्षा मुळे फुटलेले तुकडे किंवा गवताच्या लाद्या लावणे हितावह असते. रुजल्यानंतर वरचेवर थोडे पाणी देण्याऐवजी अंतराने, पण खोलवर भिजेल इतके द्यावे. उथळ भिजवणीने लवणे मुळांपाशीच राहतात. फार खुडून कापणी केल्यास मुळे आखूड राहतात व गवताची सहनशक्ती घटते. पांढरा थर पुन्हा दिसू लागल्यास निचरा तुंबला आहे काय, हे प्रथम तपासावे.