बेट, अभयारण्य आणि उद्यान

'उद्यान' आणि 'अभयारण्य' हे दोन शब्द आपल्या बोलण्यात शेजारी नांदतात. परंतु त्यांची घडण भिन्न आहे. उद्यान ही माणसाने आपल्या विहारासाठी राखलेली जागा होय. अभयारण्य म्हणजे जेथे प्राण्यांना माणसाचे भय नाही असे अरण्य. आपल्या कायद्याच्या परिभाषेत हा क्रम काहीसा उलटला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई केली आहे, अभयारण्यात मात्र तशी सरसकट मनाई नाही. हा केवळ शब्दांचा घोळ नव्हे. एकच भूमी वन्य जीवांसाठी राखावी आणि लोकांसाठी खुलीही ठेवावी, हे कितपत शक्य आहे, असा प्रश्न त्यामागे आहे.

बेटांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. न्यूझीलंडमध्ये वटवाघळांखेरीज भूचर सस्तन प्राणी मुळात नव्हते. त्यामुळे तेथील कित्येक पक्षी उडणे विसरले व जमिनीवर घरटी करू लागले. माणसाबरोबर उंदीर, मांजरे व विझल जातीचे प्राणी आले, तेव्हा या पक्ष्यांपाशी बचावाचे साधन उरले नाही. मुख्य भूमीवरून शत्रू हुसकावले तरी ते पुन्हा शिरतात. बेटाभोवती मात्र समुद्राचा तट असतो. परंतु त्या तटाला एक दार आहे, ते म्हणजे नाव. पर्यटकाच्या सामानातून उतरलेला एखादा उंदीर वर्षानुवर्षांचे कार्य धुळीस मिळवू शकतो.

ऑकलंडजवळच्या हाउराकी आखातात या प्रश्नाची दोन उत्तरे जवळजवळ पाहावयास मिळतात. हाउतुरू हे बेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून राखीव असून तेथे परवान्यावाचून उतरता येत नाही. तिरीतिरी मातंगी हे सुमारे २२० हेक्टरांचे बेट मात्र सर्वांना खुले आहे. त्याच्या माओरी नावाचा अर्थ सामान्यतः 'वाऱ्याने हेलकावलेले' असा सांगतात. मेंढ्यांच्या चराईमुळे तेथील मूळ वन घळींपुरतेच उरले होते. १९७१ साली शेती थांबली. तथापि दाट गवतामुळे झाडे आपोआप वाढेनात. तेव्हा ऑकलंड विद्यापीठातील जॉन क्रेग व नील मिचेल यांनी लोकांच्याच हातून वन लावण्याची कल्पना मांडली. १९८४ ते १९९४ या काळात स्वयंसेवकांनी तेथे अडीच लाखांहून अधिक रोपे लावली. १९९३ मध्ये 'किओरे' हा उंदीर बेटावरून नाहीसा करण्यात आला. १९४८ पर्यंत नामशेष मानलेला ताकाहे हा न उडणारा पक्षी आज तेथे पाहुण्यांच्या पावलांजवळ चरताना आढळतो. त्याला गवत हवे असते, म्हणून सर्व बेटावर झाडे न लावता काही माळ मोकळा राखला आहे.

येथील प्रवेश मुक्त असला तरी निर्बंधरहित नाही. नावेत बसण्यापूर्वी सामान तपासावे व जोडे स्वच्छ करावे लागतात. पाळीव प्राणी आणता येत नाहीत. १९८८ साली स्थापन झालेल्या समर्थक-मंडळाचे सभासद पाहुण्यांना वाटा दाखवतात. ज्यांच्यापासून बेटाला धोका होता, तेच त्याचे द्वारपाल झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप असा, की तेथील हीही या पक्ष्याला कृत्रिम घरटी व साखरेचे पाणी पुरवावे लागते. मग हा निसर्ग की बाग? माझ्या मते ही बागच आहे, आणि तसे म्हणण्यात कमीपणा नाही. मात्र १९९५ मध्ये तेथे आणलेले हीही हाउतुरूवरून आले होते. तो पक्षी निसर्गतः त्या एकाच बेटावर उरला होता. हाउतुरूचे दारही तिरीतिरीप्रमाणे खुले केले असते, तर तिरीतिरीवर आणावयास हीही उरले असते की नाही, याची शंकाच आहे.

म्हणून 'अभयारण्य की उद्यान' हा प्रश्न एकेका बेटाला सुटा विचारणे योग्य नव्हे. उजाड झालेले बेट लोकांच्या हाती सोपवावे; त्यात लोकांचे शिक्षण आहे व भूमीचे पुनरुज्जीवनही. परंतु ज्या बेटावर मूळ निसर्ग शाबूत आहे, त्याचे दार बंदच ठेवावे. आपल्या किनाऱ्यावरील बेटांसाठी पर्यटनाच्या योजना आखताना प्रथम हा भेद केला पाहिजे. कारण उद्यान पुन्हा लावता येते, बीज मात्र एकदा गेले की परत येत नाही.