रामेनचे सूप आणि अगोटीचे बोंबील

सुक्या मासळीचा डबा आपण पाहुणे आले की माळ्यावर ढकलतो. जपानी माणूस मात्र रामेनच्या, म्हणजे गव्हाच्या शेवयांच्या, सूपात सुकी मासळी अभिमानाने घालतो. शिळफाट्यावर हे कोणी सांगितले तर वडापाववालाही हसेल!

पण यामागे शास्त्र आहे. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्रशेवाळातून ग्लुटामेट वेगळे केले व त्याच्या चवीला 'उमामी' म्हटले. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुक्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडले. ही दोन एकत्र आली की चव दुप्पट नव्हे, कितीतरी पटींनी वाढते. सारी मेख इथेच आहे.

आपल्याकडे पिकलेला टोमॅटो ग्लुटामेट देतो आणि पावसाळ्याआधी अगोटीला भरलेले सुके बोंबील मासळीची बाजू सांभाळतात. चार बोंबलांची डोकी काढून तुकडे तव्यावर कोरडे भाजावेत, म्हणजे उग्र वास कमी होतो, मग धुवावेत. लिटरभर पाण्यात ते, दोन टोमॅटो, कांदा, आले व ठेचलेला लसूण घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवावे. खळखळा उकळू नये, रस गढूळ होतो. गाळल्यावर चाखूनच मीठ घालावे. नूडल्स मात्र वेगळ्या पाण्यात शिजवाव्यात; नाहीतर त्यांचा पिठूळपणा सूपात उतरतो.

वाडग्यात आधी नूडल्स, वर कढत रस, कांद्याची पात. लसणाची चुरचुरीत फोडणी दिली तरी बिघडत नाही. जपानीही वरून सुवासिक तेल सोडतातच.