जुना डिझेल लोडर विजेनें चालू करण्यापूर्वीं

वैशाख अर्धा सरला आहे. बांध घालावयाचे राहिले आहेत, शेततळ्यांतील गाळ उपसावयाचा राहिला आहे, आणि मृग तोंडावर आला आहे. अशा वेळीं साखळीपट्ट्यांवर चालणारा जुना लोडर मात्र बांधाशीं उभाच आहे. त्याच्या मोठ्या डिझेल एंजिनांत दोष नाहीं असें मालक सांगतो. पण तें चालू करून देणारें छोटें पेट्रोल एंजिन कांहीं केल्या पेटत नाहीं. दोरी ओढून खांदे भरून येतात, मॅग्नेटो दोनदां उघडून होतो, आणि शेवटीं मनांत येतें कीं, हें लोढणें काढून टाकावें व मोटारीप्रमाणें बॅटरी आणि सेल्फ बसवावा.

हा विचार चुकीचा नाहीं. नव्या यंत्रांत तीच रीत आहे. परंतु छोटें एंजिन कोणकोणतीं कामें करीत होतें हें ध्यानांत न घेतां तें काढल्यास पैसाहि जातो व हंगामहि जातो. म्हणून ही हकीकत शेतकरी बंधूंपुढें थोडी विस्तारानें मांडीत आहें.

डिझेल एंजिनास ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, ती हवा ५०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापते आणि त्या उष्णतेनें फवारलेलें तेल पेटतें. अर्थात् थंड एंजिन चालू करावयाचें तर तें मोठ्या दाबाविरुद्ध वेगानें फिरविलें पाहिजे. सावकाश फिरविल्यास हवेची उष्णता लोखंडांत मुरून जाते. अमेरिकेंतील कॅटरपिलर कंपनीनें १९३१ सालीं आपला पहिला डिझेल ट्रॅक्टर विक्रीस आणला. त्यानंतर अनेक वर्षें तिच्या पुष्कळ यंत्रांवर हें फिरविण्याचें काम दोन सिलिंडरांच्या छोट्या पेट्रोल एंजिनाकडे असे. १९५१ सालीं तिनें मिलवॉकी येथील ट्रॅक्सन कंपनी विकत घेतली व पुढें साखळीपट्ट्यांचे लोडर स्वतः बनविले. त्यांतील जुन्या यंत्रांवरहि हीच व्यवस्था आढळते.

हें छोटें एंजिन एक नव्हे, चार कामें करतें. पहिलें, तें मोठें एंजिन फिरवितें. दुसरें, तें न थकतां कित्येक मिनिटें फिरवूं शकतें. तिसरें, दाब सोडण्याची दांडी ओढून मोठें एंजिन मोकळें फिरत असतां वंगण सर्व बेअरिंगांपर्यंत पोंचतें. चौथें, तें ऊब देतें. कारण दोन्ही एंजिनांचें पाणी एकच असतें, आणि पुष्कळ नमुन्यांत छोट्या एंजिनाच्या धुराची नळी मोठ्याच्या हवा घेण्याच्या नळींतून नेलेली असते. बॅटरी व सेल्फ यांनीं यांपैकीं पहिलें काम तेवढें होतें. बाकीच्या तिहींची सोय आपणांस करावी लागते.

यावरून पहिली गोष्ट निघते ती ही कीं, खर्च करण्यापूर्वीं मोठ्या एंजिनाची परीक्षा करावी. आमच्या शेजारच्या एका लोडरावर तालुक्याच्या ठिकाणच्या मिस्त्रीनें ट्रकचा बारा व्होल्टचा सेल्फ बसविला. उन्हाळ्यांत यंत्र चालू झालें. पौषांतल्या सकाळीं मात्र चार फेरे घेऊन थांबलें. मालकानें दोन नव्या बॅटऱ्या आणल्या, तरी तेंच. अखेरीस दाब मोजला तेव्हां दोन सिलिंडरांच्या झडपा नीट बसत नाहींत असें आढळलें. छोटें एंजिन पांच-सात मिनिटें फिरवून हा दोष झांकीत होतें. सेल्फनें तो उघडा पाडला. म्हणून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा, झडपा व फवारे तपासावे, आणि दोष असल्यास तोच आधीं काढावा.

दुसरी गोष्ट फ्लायव्हीलवरील दांत्यांच्या कड्याची. छोट्या एंजिनाचें दांतेरी चाकहि त्याच कड्यांत गुंतत असल्यानें कडें बहुधा असतेंच; परंतु सेल्फच्या चाकाचे दांते त्याच मापाचे असतील असें नाहीं. दांते मोजावे, कड्याचा बाहेरचा व्यास घ्यावा, झिजलेले दांते पाहावे व फिरण्याची दिशा जुळवावी. समजा, कड्यास १३० दांते व सेल्फच्या चाकास १० आहेत. तर सेल्फचे १३ फेरे होतील तेव्हां एंजिनाचा एक होईल, आणि एंजिनास मिनिटाला १३० फेरे देण्यास सेल्फला भाराखालीं १,६९० फेरे घ्यावे लागतील. कांहीं नमुने कारखान्यानेंच दोन्ही रीतींनीं विकले आहेत. आपला नमुना तसा असल्यास त्याचेच मूळ भाग मिळवावे. घरीं घडविलेल्या जोडपट्टीपेक्षां तें शेवटीं स्वस्त पडतें.

तिसरी गोष्ट विजेची. मोठ्या एंजिनास २४ व्होल्टची योजना करावी. सहा किलोवॅट ओढणाऱ्या सेल्फला १२ व्होल्टवर ५०० अँपियर प्रवाह लागेल, २४ व्होल्टवर २५०. आणि प्रवाह निम्मा झाला म्हणजे त्याच तारेंत वायां जाणारी शक्ति चौथाईवर येते. त्यासाठीं सारख्या वयाच्या व सारख्या ताकदीच्या दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडाव्या. तारा जाड व शक्य तितक्या आंखूड असाव्या. जमिनीकडची तार रंगावर न बसवितां घांसून उघड्या केलेल्या लोखंडावर बसवावी. बॅटरी तोडण्याचा खटका जवळच ठेवावा. सेल्फ सलग तीस सेकंदांपेक्षां अधिक चालवूं नये, व पुन्हां दाबण्यापूर्वीं दोन मिनिटें थांबावें. बॅटरी भरण्यास अल्टरनेटर लागतो हेंहि विसरूं नये. आणि बॅटरी भरली जात असतां तींतून पेट घेणारा वायु निघतो, म्हणून जवळ विडी पेटवूं नये.

चौथी गोष्ट उबेची. आणि हीच बहुधा विसरली जाते. या जुन्या एंजिनांत तेल प्रथम एका लहान कोठडींत पेटतें, व थंड कोठडी हवेची उष्णता झपाट्यानें शोषून घेते. सेल्फनें चालणाऱ्या नमुन्यांत त्या कोठडींत ग्लो प्लग असतो. आपल्या कोठडीला त्यासाठीं छिद्र आहे काय, नसल्यास तशी कोठडी मिळते काय, कीं हेडच बदलावें लागतें, याचा तपास सेल्फ विकत घेण्याआधीं करावा. ईथर फवारून चालू करण्याचा मोह टाळावा. ग्लो प्लग तापलेला असतां ईथर सोडणें म्हणजे स्फोटास आमंत्रण होय. आणि एरव्हींहि त्याच्या अकालीं पेटण्यानें दट्ट्ये व कडीं फुटतात.

छोटें एंजिन काढल्यावर मागें राहिलेलीं तोंडें नीट बंद करावीं. पाण्याच्या वाटेवर गॅस्केटसह पट्टी बसवावी. फ्लायव्हीलच्या घरावरील उघडी जागा झांकावी. धुराची नळी हवेच्या नळींतून जात असेल तर तिच्या दोन्ही तोंडांस बूच मारावें. कारण ती नळी गंजून फुटलेली असल्यास गाळणी चुकवून धूळ एंजिनांत शिरते, आणि मातीकाम करणाऱ्या यंत्राला याहून मोठा शत्रु नाहीं. तसेंच यंत्र गियरमध्यें असतां सेल्फ फिरणार नाहीं असा खटका अवश्य ठेवावा. जमिनीवर उभें राहून सेल्फच्या टोकांना पान्हा लावून यंत्र चालू करणारे साखळीखालीं सांपडतात.

हा सर्व हिशेब मांडल्यावर कांहीं मालकांस असें दिसून येईल कीं, कार्ब्युरेटर धुणें, मॅग्नेटोचें गुंडाळें नवें करणें व टाकींतील जुनें पेट्रोल ओतून देणें एवढ्यानेंच काम भागतें. वर्षांतून एकदोन महिनेच चालणाऱ्या यंत्रास हा मार्ग बरा. कारण उभ्या यंत्रावरील बॅटरीहि निकामी होते. जेथें यंत्र रोज चालावयाचें आहे, दिवसांतून अनेकदां बंद-चालू करावयाचें आहे व एंजिनाचा दाब चांगला आहे, तेथें विजेची योजना खर्च भरून देईल.

काम हातीं घ्यावयाचें तर तें पावसाळ्यांत, यंत्र रिकामें असतां घ्यावें. ऐन वैशाखांत नव्हे. आणि काढलेलें छोटें एंजिन लगेच भंगारांत घालूं नये. तेल लावून, झांकून तें एक हिवाळा जपून ठेवावें. पौषाच्या पहाटे सेल्फनें मोठें एंजिन सहज चालूं लागलें, म्हणजे मगच त्याची रजा मंजूर करावी.