तीस विरुद्ध सत्तर

६ सप्टेंबर २००६. अमेरिकी सिनेटमध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकावर चर्चा चालू होती. डायॅन फाइनस्टाइन आणि पॅट्रिक लेही या डेमोक्रॅट सिनेटरांनी त्यात एक दुरुस्ती सुचवली. मागणी बेताचीच होती. क्लस्टर बॉम्बवर बंदी घाला असं कुणी म्हणतच नव्हतं. दाट नागरी वस्तीत किंवा तिच्या आसपास ते टाकले जाणार नाहीत एवढी हमी लष्कराच्या नियमांत असावी, नाहीतर त्यांच्यासाठी सरकारी पैसा मिळू नये, इतकंच म्हणणं होतं. दुरुस्ती ३० विरुद्ध ७० मतांनी पडली.

तारीख महत्त्वाची आहे. इस्रायल आणि हिजबुल्ला यांच्यातलं ३४ दिवसांचं युद्ध नुकतंच, १४ ऑगस्टला थांबलं होतं. क्लस्टर बॉम्ब हवेतच उघडतो आणि त्यातून डझनांनी, कधी शेकड्यांनी छोटे बॉम्ब मोठ्या परिसरावर विखुरतात. बरेचसे फुटतात, जे फुटत नाहीत ते वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतात. दक्षिण लेबनॉनमध्ये इस्रायलने टाकलेले असे लाखो छोटे बॉम्ब बागांत, तंबाखूच्या शेतांत, घरांच्या ओट्यांवर पडले होते आणि त्यांत अमेरिकी बनावटीचेही पुष्कळ होते. संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य प्रमुख यान एगेलँड यांनी ३० ऑगस्टला जाहीरपणे सांगितलं की यातले ९० टक्के मारे शेवटच्या ७२ तासांत, युद्ध मिटणार हे दिसत असताना झाले. त्यांनी याला सरळ अनैतिक म्हटलं. मतदान झालं ते त्यानंतर सातव्या दिवशी. तेव्हा ‘आम्हाला कल्पना नव्हती’ ही सबब त्या ७० जणांपैकी कुणालाच सांगता येणार नाही.

सगळे रिपब्लिकन विरोधात गेले, हे अपेक्षितच होतं. पण १५ डेमोक्रॅटही त्यांच्या बाजूला बसले. त्यांत हिलरी क्लिंटन होत्या आणि जो बायडेनही. बाजूने मत देणाऱ्यांत जॉन केरी होते, आणि इलिनॉयहून नव्यानेच आलेले बराक ओबामा. अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी २००८ मध्ये क्लिंटन आणि ओबामा यांच्यात चुरस लागली, तेव्हा युद्धविरोधी मंडळींनी ही यादी बाहेर काढली. दोघांतला फरक दाखवायला आयता पुरावा मिळाला होता.

पुढच्या वर्षाने तो पुरावा कच्चा ठरवला. १७ डिसेंबर २००९ रोजी येमेनमधल्या अल-माजला इथे अमेरिकेचं क्रूझ क्षेपणास्त्र पडलं, आणि त्यात क्लस्टर बॉम्ब होते. येमेनच्या संसदीय चौकशीनुसार ४१ नागरिक मेले, त्यांतली २१ मुलं. अध्यक्ष होते ओबामा. विरोधी बाकांवरून दिलेलं मत स्वस्त असतं, असं म्हणायचा मोह इथे होतो. पण ते पूर्ण खरं नाही. २००६ च्या मतदानात त्या १५ डेमोक्रॅटांना तेही परवडलं नव्हतं.

दरम्यान जगाने आपली वाट धरली होती. बेल्जियमने २००६ मध्येच या बॉम्बवर कायद्याने बंदी घातली. मे २००८ मध्ये डब्लिनला १०७ देशांनी बंदीच्या कराराचा मसुदा स्वीकारला. अमेरिका, रशिया, चीन, इस्रायल त्यात नव्हते. आपला भारतही नव्हता, आजही नाही.

जून २०१६ मध्ये सौदी अरेबियाला हे बॉम्ब देऊ नयेत अशी दुरुस्ती अमेरिकी प्रतिनिधिगृहात आली. ती अवघ्या १२ मतांनी हरली, २०४ विरुद्ध २१६. विरोधकांनी संरक्षण खात्याचं म्हणणं सभागृहाला ऐकवलं: असा ठराव झाला तर या शस्त्राला कलंक लागेल! काळजी कुणाच्या अब्रूची, तर बॉम्बच्या. त्याच सप्टेंबरात ओबामा लाओसला गेले. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने टाकलेले छोटे बॉम्ब तिथल्या जमिनीत अजूनही आहेत. ते काढण्यासाठी ओबामांनी नऊ कोटी डॉलर जाहीर केले.

७ जुलै २०२३ रोजी बायडेन यांनी युक्रेनला क्लस्टर तोफगोळे देण्याचा निर्णय घेतला. न फुटणाऱ्या बॉम्बचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त असेल तर ते परदेशी देऊ नयेत, असा अमेरिकेचाच कायदा. पेंटागॉनने स्वतः मान्य केलेलं प्रमाण २.३५ टक्क्यांपर्यंतचं. अध्यक्षांनी विशेषाधिकार वापरून वाट काढली. २००६ चं मत आणि २०२३ ची सही यांत विसंगती शोधूनही सापडणार नाही. निवृत्त झालेल्या लेहींनी मात्र सिनेटर जेफ मर्कली यांच्यासोबत वृत्तपत्रात लेख लिहून विरोध केला.

आठवड्याभरात, युक्रेनला हे तोफगोळे देऊ नयेत अशा दुरुस्तीवर प्रतिनिधिगृहात पुन्हा मतदान झालं: १४७ विरुद्ध २७६. या वेळी दुरुस्ती मांडणाऱ्या होत्या रिपब्लिकन मार्जरी टेलर ग्रीन, आणि त्यांच्या बाजूने गेलेल्यांत बहुसंख्य रिपब्लिकनच. यांतल्या अनेकांना युक्रेनला कसलीच मदत नको होती. शेतात पडणाऱ्या बॉम्बशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. उलट काही डेमोक्रॅटांनी मनापासून पटूनही ग्रीनबाईंच्या ठरावाला हात लावला नाही. मतांच्या यादीत या दोन्ही गटांचे हेतू दिसत नाहीत.

युक्रेनचा युक्तिवाद वेगळा होता आणि तो झटकून टाकता येत नाही: बॉम्ब आमच्याच जमिनीवर पडणार, साफही आम्हीच करणार. वॉशिंग्टनमध्ये मत देणाऱ्या कुणालाही असं म्हणता आलं नसतं. लिथुआनियाच्या संसदेने जुलै २०२४ मध्ये शेजारच्या रशियाकडे बोट दाखवत डब्लिनच्या त्या बंदी करारातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा तिथल्या खासदारांच्या डोळ्यांसमोरही स्वतःचीच शेतं असणार. ६ मार्च २०२५ रोजी तो देश बाहेर पडला. करार सोडणारा तो पहिलाच.