काट्याची भाषा

'रिव्हर्स इंजिनिअरिंग' हा शब्द ऐकला की वाटते, हा विषय इंजिनिअरांचा; कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा त्याच्याशी काय संबंध? पण इतिहासाच्या तासाला आपण जे शिकतो त्याच्याच जवळचे हे काम आहे.

अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी कित्येक शतके कोणाला वाचता येत नव्हती. सांचीच्या स्तूपावरील अनेक छोट्या लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो, हे जेम्स प्रिन्सेप यांच्या ध्यानात आले. हे लेख देणगीदारांचे असावेत आणि तो शब्द 'दानं' असावा, असा तर्क करून त्यांनी १८३७ साली लिपीचे कोडे सोडवले. सांगणारा कोणी नसताना, काय तेच राहते आणि काय बदलते हे पाहून अर्थ लावायचा, हीच रिव्हर्स इंजिनिअरिंगची रीत.

आमच्या मामांच्या दूध संकलन केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्याच्या वायरीतून वजनाची माहिती संगणकाकडे मुंग्यांच्या रांगेसारखी एकामागून एक जाते. म्हणून अशा जोडणीला 'सीरियल' म्हणतात. जुना संगणक बंद पडला. नव्यावर लिनक्स ही विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टिम होती आणि काट्याचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालणारा. विक्रेत्याने सांगितले, नवा काटा घ्या. मामा म्हणाले, "अरे, काटा तोच, दूध तेच, मग हा मुका कसा झाला?"

काटा मुका नव्हता. ऐकणाऱ्याला त्याची भाषा येत नव्हती. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. आयटीआय झालेला मामेभाऊ सोबतीला होता.

पहिली गोष्ट वेगाची. बोलणारा आणि ऐकणारा यांचा वेग जुळला नाही, तर पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हे उमटतात. एकेक वेग लावून पाहिला. सेकंदाला ९६०० बिट या वेगाला आकडे स्थिर झाले. रिकामा काटा सारखी एकच माळ पाठवीत होता: आधी २, मग सहा वेळा ४८, शेवटी १३. पाच किलोचे माप ठेवताच चौथा ४८ जाऊन तेथे ५३ आला. अर्ध्या किलोला ५३ पाचव्या जागी सरकला. संगणकाच्या 'आस्की' या संकेतात ४८ म्हणजे शून्य आणि ५३ म्हणजे पाच. म्हणजे दशांशचिन्ह चौथ्या अंकानंतर. २ ही सुरुवातीची खूण आणि १३ हा पूर्णविराम. एवढे कळल्यावर मामेभावाने छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि पावत्या पुन्हा निघू लागल्या.

ही चोरी तर नव्हे, अशी शंका काहींनी काढली. आम्ही काटा उघडला नाही. वजनमापे खात्याचे सील जसेच्या तसे आहे. आम्ही केवळ ऐकले. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातही १९९९ च्या दुरुस्तीने अशी तरतूद झाली आहे की, स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमचा दुसऱ्या प्रोग्रॅमशी मेळ बसवण्यासाठी आवश्यक माहिती सहज मिळत नसेल, तर कायदेशीर धारकाने ती शोधून काढणे हा हक्कभंग ठरत नाही.

वाचकहो, वस्तू विकत घेतली, पण तिची भाषा विक्रेत्याकडेच राहिली, तर ती वस्तू पूर्णपणे आपली झाली असे म्हणता येईल का? दूध घालणाऱ्याच्या पावतीवरचा आकडा कोठून आला, हे आज आमच्या केंद्रावर कोणालाही दाखवता येते. अक्षरओळख म्हणतात ती याहून वेगळी काय असते?